चाळीस बाइटांचा बांध

महाराष्ट्रात नुसतं ‘शिरूर’ म्हणून भागत नाही. एक शिरूर पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी आहे. ते स्वतःला मूळ पीठ समजतं आणि नावापुढं काही लावत नाही. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, शिरूर ताजबंद आहे. आमचं ते शिरूर कासार, जिल्हा बीड, सिंदफणेच्या काठचं. ‘कासार’ राहून गेलं की कुरिअर घोडनदीला जाऊन बसतं आणि बस्त्याच्या साड्या लग्न लागल्यावर येतात. म्हणून इथला माणूस पत्ता सांगताना कंजुषी करत नाही. जिल्हा, तालुका, गल्ली, मारुतीच्या देवळामागं, पांढऱ्या गेटाचं घर, आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा एकदा, ‘कासार बरं का, कासार.’

कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या ठिपक्यांनाही असाच पुरा पत्ता लागतो, हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं. दिलं भाच्यानं. तो संभाजीनगरला कॉम्प्युटर शिकतो आणि दिवाळीला आमच्याकडं येतो. आमच्या घरी एक म्हातारा कॉम्प्युटर आहे. त्यात भाच्यानं लिनक्स घातलं. तेव्हापासून त्याच्यावर खिडक्या, आयकॉन, माउसचा बाण यांपैकी काहीही उगवत नाही. ग्राफिक्स कार्डाचं आणि लिनक्सचं पटत नाही म्हणे. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक रेघ. दुसऱ्या कुणी यंत्र भंगारात घातलं असतं. भाच्याला आनंद झाला. ‘मामा, लई बेस्ट झालं. आता मधे कुणीच नाही.’

मधे कोण असतं, याची मला कल्पना नव्हती. माझं कॉम्प्युटरचं शिक्षण एमएस-सीआयटीपुरतं. 2001 साली एमकेसीएलनं हा कोर्स काढला आणि पुढं वेतनवाढ अडू नये म्हणून राज्यभरचे गुरुजी, तलाठी, कारकून माउस हातात धरून बसले. आम्हाला पेंटमध्ये चित्र काढायला लावलं होतं. सगळ्या वर्गानं एकच चित्र काढलं: दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, झोपडीवर झेंडा. माउस ओढला की रेघ उमटते, एवढीच माझी समजूत. प्रत्यक्षात रेघ उमटण्याआधी तिची बरीच फिराफिर होते. प्रोग्राम एका टूलकिटला सांगतो, टूलकिट खिडक्यांच्या कारभाऱ्याला सांगतं, कारभारी बघतो की ही खिडकी वर आहे की दुसरीच्या खाली झाकली आहे, मग तो ड्रायव्हरला सांगतो, आणि सगळ्यांच्या सह्याशिक्के झाल्यावर रेघ एका मेमरीत जाऊन पडते. त्या मेमरीचं नाव फ्रेमबफर. तिच्यात जे आकडे असतील तेच पडदा दाखवतो. सेकंदाला साधारण साठ वेळा वाचतो आणि दाखवतो. कुणी लिहिलं, कशाला लिहिलं, परवानगी होती का, विचारत नाही.

लिनक्समध्ये ही मेमरी चक्क एखाद्या फाईलसारखी समोर दिसते. ‘डेव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एफबी झिरो’. फाईलमध्ये चार आकडे लिहिले की पडद्यावर एक ठिपका रंगतो. अर्ज नाही, टोकन नाही, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ नाही. ‘व्हिडिओ’ नावाच्या गटात आपलं नाव एकदा चढवून घ्यावं लागतं, बस्स. सातबारा काढायला गेलेल्या माणसाला हे खरं वाटायला वेळ लागतो.

‘एवढ्या रात्री काय करायलाय रे?’ आतून मामीनं विचारलं.

‘एफबीवर चित्र टाकतोय.’

‘मंग मला टॅग कर की.’

भाच्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला नाही. पोरगा हुशार आहे.

पहिलं काम त्यानं केलं ते उगीचच. लिनक्समध्ये वाटेल तसले आकडे न थांबता ओकणारी एक फाईल असते. तिचा नळ त्यानं एफबी झिरोकडं वळवला. एका ओळीची आज्ञा. पडद्यावर रंगीत मुंग्याच मुंग्या. दूरदर्शनच्या काळात अँटेना हलल्यावर दिसायच्या, त्यांच्या शहरी नाती. आणि लगेच त्या मुंग्यांवर एक इंग्रजी ओळ उमटली: जागा शिल्लक नाही. न संपणारी धार होती खरी, पण पडदा भरला आणि यंत्रानं हात वर केले. मला ते आवडलं. आमच्याकडं वडापवाल्याला अजून हे वाक्य उच्चारता आलेलं नाही.

पडद्याचं माप 1366 गुणिले 768. म्हणजे 10 लाख 49 हजार 88 ठिपके, आणि प्रत्येकाला चार बाइट. बेचाळीस लाखांच्या आसपास बाइट, ही आमच्या यंत्राची एकूण रंगवण्याजोगी इस्टेट. ही कल्पना नवी नाही. 1973 साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टोच्या प्रयोगशाळेत रिचर्ड शाउप नावाच्या माणसानं सुपरपेंट म्हणून यंत्र बांधलं. 640 गुणिले 480 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला मेमरीत स्वतःची जागा, आणि त्यात माणसानं हातानं रंग भरायचे. त्या साली आमचे वडीलधारे दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि सुकडी खात होते. दोन्हीकडं बारीक तुकड्यांचंच काम चालू होतं, एवढंच साम्य दिसतं.

भाच्याला झोपडीच काढायची होती. हे मला पटलं नाही. पंचवीस वर्षांत देशानं एवढी प्रगती केली आणि पोरं अजून झोपडीच काढतात. त्यावर तो म्हणाला की कॉलेजातही तेच आहे. ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला अजून टर्बो सी, निळा पडदा, आणि झोपडी किंवा चालती मोटार. त्यात सुरुवातीची एक ओळ विसरली की ‘ग्राफिक्स इनिशियलाइज झालेलं नाही’ असं यंत्र फटकारतं, आणि एक्स्टर्नल नेमके तेव्हाच पाठीमागं उभे असतात.

इथं कुणी फटकारणारं नव्हतं. भाच्यानं पायथॉनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. हिशेब सोपा: वरून कितवी ओळ, तिला एका ओळीच्या बाइटांनी गुणा, डावीकडून कितवा ठिपका, त्याला चारनं गुणा, दोन्हींची बेरीज करा, तो पत्ता. तिथं जा आणि रंग टाका. एका ओळीत 1366 ठिपके, चोक 5464 बाइट. स्क्रिप्ट चालवली. झोपडी आली, पण भुईसपाट. भिंती उभ्या काढल्या होत्या, त्या कलंडून जवळजवळ आडव्या झालेल्या. अवकाळीनंतर पंचनाम्याला फोटो काढावा तसं चित्र.

भाचा रात्री बाराला यंत्राच्या पोटातल्या फायली उलगडत बसला. एका फाईलमध्ये खरा आकडा सापडला: ओळ 5464 ची नाही, 5504 ची आहे. ग्राफिक्स कार्डाला 64 च्या पटीतली ओळ सोयीची पडते, म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी चाळीस बाइट, म्हणजे दहा ठिपक्यांची जागा, मोकळी सोडलेली असते. ती पडद्यावर दिसत नाही, तिथं काही पिकत नाही, पण मोजणीत धरावीच लागते.

हे ऐकल्यावर मला सगळा फ्रेमबफर एका क्षणात समजला. हा बांध! दोन वावरांमधला. त्याच्यावर कुणी पेरत नाही, पण तो नाही असं धरून नांगर घातला की पुढचं प्रत्येक तास शेजाऱ्याच्या रानात सरकतं. भाच्याची प्रत्येक ओळ दहा ठिपके डावीकडच्या हद्दीत घुसत होती, आणि अशा 768 ओळी. आमच्या तालुक्यात याच्या निम्म्या सरकण्यावर तीन पिढ्या कोर्टात गेल्या आहेत. पोराला कॉलेजात हे शिकवायला हवं होतं. भूमी अभिलेखच्या एखाद्या मोजणीदारानं पाच मिनिटांत शिकवलं असतं.

बांध धरून मोजणी केली तशी झोपडी उभी राहिली. आता झेंडा. भगवा म्हणजे लाल 255, हिरवा 153, निळा 51. भाच्यानं त्याच क्रमानं आकडे लिहिले आणि झोपडीवर आकाशी निळा झेंडा फडकला. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. बऱ्याचशा यंत्रांत हे चार बाइट उलटे मांडलेले असतात: आधी निळा, मग हिरवा, मग लाल, आणि चौथा बाइट नुसताच बसायला आलेला. त्यामुळं दोन टोकांच्या रंगांची अदलाबदल होते. मला धक्का बसला नाही. एका रात्रीत झेंड्याचा रंग बदलण्याची आमच्या भागाला सवय आहे, फक्त त्यामागचं कारण इतकं स्वच्छ, तांत्रिक नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं डावीकडून उजवीकडं हळूहळू भरत जाणारी हिरवी पट्टी काढली. शेजारच्या अण्णांनी चष्मा वर करून विचारलं, ‘रेल्वेचं हाय का?’ प्रश्न रास्त होता. नगर–बीड–परळी रेल्वे 1995 साली मंजूर झाली आणि बीडला गाडी आली ती 17 सप्टेंबर 2025 ला. इतकी सावकाश भरणारी पट्टी जिल्ह्यात दुसरी कुणी पाहिलेली नाही. भाच्यानं पट्टी एका झटक्यात शंभर टक्के करून दाखवली. अण्णा म्हणाले, ‘हे तर सगळेच दाखवतेत.’

खरी परीक्षा पुढं होती. मी म्हटलं, झोपड्या पुरे, गावाचं नाव लिही. काळ्या पडद्यावर नाव टाइप केलं तर काय येतं? पाच चौकोन, मोकळी जागा, पाच चौकोन. लिनक्सच्या त्या काळ्या पडद्याच्या फॉन्टात जास्तीत जास्त 512 आकार मावतात, आणि त्यांत देवनागरीला कुणी पाट मांडलेला नसतो. मांडला असता तरी उपयोग नव्हता. त्या फॉन्टातली अक्षरं रांगेत एकापुढं एक उभी राहतात, आमची एकमेकांच्या अंगाखांद्यावर चढतात. म्हणजे नाव लिहायचं तर ठिपका ठिपका करून काढायचं. भाच्यानं प्रत्येक अक्षराचा एकेक तुकडा बनवला आणि स्क्रिप्टला सांगितलं, यादीतला एक घे, मांड, पुढचा घे, मांड. कॉम्प्युटर ‘शि’ साठवतो तेव्हा आधी श आणि मग वेलांटी असते. तोंडानंही आपण तसंच म्हणतो. कागदावर मात्र वेलांटी श च्या आधी येते. स्क्रिप्टला हे कोण सांगणार? तिनं श मांडला, पुढं वेलांटी मांडली, आणि ती वेलांटी बिनदिक्कत शेजारच्या र च्या डोक्यावर जाऊन बसली. रू चा ऊकार र च्या पायाखाली लोंबू लागला. गाव ओळखू येईना. हे तर घोडनदीच्याही पुढं गेलेलं कुरिअर.

मोबाइलवर आपण अंगठ्यानं मराठी बडवतो तेव्हा ही सगळी उठाठेव पडद्यामागं कुणीतरी करत असतं. हार्फबझ नावाची एक लायब्ररी आहे, अँड्रॉइडमध्ये ती हेच करते: कुठली मात्रा आधी, कुठली मागून, कुणी कुणाला चिकटायचं. दोन दिवस आम्ही ज्या मधल्या मंडळींना नावं ठेवली, त्यांच्यातच एक मराठी जाणणारा बसलेला होता, आणि त्यालाच आम्ही घराबाहेर काढलं होतं.

पुण्याच्या सी-डॅकला हे फार आधी कळलेलं. 1988 मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्टचं काम मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्यात आलं. जिस्ट हे कॉम्प्युटरच्या पोटात खोचायचं कार्ड होतं. डॉसला मराठीचा गंध नव्हता; त्याला आपण इंग्रजी अक्षरंच हाताळतोय असं वाटत राहायचं, आणि कार्ड परस्पर पडद्यावर वेलांटीसकट देवनागरी उमटवायचं. सरकारी कचेरीतल्या साहेबाला न कळू देता फाईल पुढं सरकवणारा जुना कारकून असतो ना, त्याच गुणांचं यंत्र.

आमच्याकडं जिस्ट कार्ड नव्हतं, पण पेंटर होते. त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना माहीत असेल. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या मागचं ‘आईचा आशीर्वाद’, सगळं त्यांच्या हातचं. फ्लेक्सचं मशीन आलं आणि ब्रश वाळले. दिवाळीचा फराळ घेऊन ते आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘काय करायलात गुरुजी?’

मी सांगितलं. एफबी, बाइट, बांध, सगळं. त्यांनी चिवड्यातला शेंगदाणा वेचत एकच प्रश्न विचारला.

‘मंजी भित्तीवर डायरेक?’

‘डायरेक.’

‘मधी कोणी न्हाई?’

‘कोणी नाही.’

‘मंग बरंय,’ ते म्हणाले. भाच्याला हे समजावून घ्यायला दोन सेमिस्टर लागली होती.

मग ते पडद्याजवळ गेले आणि त्यांचा चेहरा पडला. ‘ह्यो श कुणी काढला?’ भाच्यानं मोबाइलच्या फॉन्टवरून बघून काढला होता, हिंदी वळणाचा. ‘आपला श देठाचा. ह्यो कुठला पाहुणा धरून आणला?’ महाराष्ट्र शासनानं 2009 मध्ये एक निर्णय काढून देठाचा श आणि पाकळीचा ल हेच मराठीचे, असं लेखी सांगितलं. पेंटरांनी तो निर्णय पाहिलेला नाही. त्यांनी फक्त तो आयुष्यभर भिंतींवर अमलात आणला.

नववीचा आलेख कागद आणला. पेंटरांनी पेन्सिलीनं अक्षरं मांडली आणि भाचा घर मोजत गेला: हे भरलं, हे रिकामं. कागदावरचं एक घर म्हणजे पडद्यावर आठ गुणिले आठ ठिपके. शिरोरेघ सगळ्यांत स्वस्त. एकच ओळ, सरळ रंगवत सुटायचं. भिंतीवर त्याच रेघेसाठी पेंटर सूत मारायचे. ‘र चा ऊकार कमरेला, पायाला न्हाई,’ त्यांनी बजावलं आणि स्क्रिप्टमध्ये एकट्या र साठी स्वतंत्र नियम लिहिला गेला. वेलांटीची कमान आणि श चा तिरपा देठ यांना मात्र वेळ लागला. तिरपी रेघ चौकोनांत बसवायची म्हणजे कुठल्या घरात पाय टाकायचा हे दर पावलाला ठरवावं लागतं. 1962 मध्ये आयबीएममधल्या ब्रेसनहॅम नावाच्या माणसानं त्याची रीत बसवली. अपूर्णांक नाही, भागाकार नाही, नुसती बेरीज आणि तुलना. भाच्यानं ती कौतुकानं समजावली. पेंटर म्हणाले, ‘हां, नजरेनं कळतंय ते.’

अखेर पडद्यावर ‘शिरूर कासार’ आलं. भगव्यात, खरोखरच्या भगव्यात. पाहायला गल्लीतली पोरं जमली. अर्ध्या मिनिटात कुठूनतरी यंत्रानं एक सूचना छापली आणि कासारच्या सा वरून इंग्रजी ओळ गेली. खाली ती लुकलुकणारी रेघ होतीच. तिनं क च्या गाठीत भोक पाडलं. पडद्याच्या या मेमरीत पहिला आला त्याचा हक्क, असला प्रकार नसतो. शेवटी ज्यानं लिहिलं त्याचं दिसतं. खिडक्यांचा कारभारी हे भांडणच होऊ देत नाही. त्याचं पोट त्यावरच चालतं.

पोरं हिरमुसली. पेंटर खूष झाले. ‘इलेक्शनला आसंच,’ ते म्हणाले. ‘सांजच्याला एकानं भिंत बुक करायची. आमी चुना मारून, ‘बुक’ लिहून, तारीख टाकून घरी. सकाळी बघावं तर दुसऱ्याचं चिन्ह वाळून बसलेलं. ते बी कुणी काढलेलं? आमीच. रात्री दुसरा आला व्हता, रेट जादा दिला.’ भाच्यानं रेघ बंद करायची आज्ञा शोधली, सूचना गप्प केल्या आणि नाव पुन्हा रंगवलं. स्क्रिप्टला पुन्हा रंगवायचा कंटाळा नसतो आणि ती जादा रेटही मागत नाही, यावर पेंटर थोडे विचारात पडले.

मग पोरांनी टूम काढली की गल्लीच्या दिवाळी शुभेच्छांच्या फ्लेक्सवर पेंटरांचंच अक्षर हवं. भाच्यानं सगळा पडदा उचलून फाईल बनवली. जशी एफबी झिरोत लिहिता येतं तशी ती वाचून नक्कलही करता येते. 42 लाख 27 हजार 72 बाइट, बांध धरून. फ्लेक्सवाल्याला ती उघडेना. ‘कोरलची फाईल द्या,’ तो म्हणाला. फ्लेक्सच्या धंद्यात कोरलड्रॉ सोडून दुसरा देव नाही. भाच्यानं 1376 रुंदी धरून साधं चित्र करून दिलं, तर उजव्या कडेला उभी काळी पट्टी निघाली. पडद्यावर कधीही न दिसलेला बांध दहा फुटी फ्लेक्सवर दोन बोटं रुंद होऊन प्रकटला. ‘ही काय डिझाइन आहे?’ फ्लेक्सवाल्यानं विचारलं. भाच्यानं ती कापायला सांगितली.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फ्लेक्स चौकात लागला. बांध कापलेला होता. श ला देठ होता, ऊकार कमरेला होता, भगवा भगवाच होता. फक्त ‘शिरूर कासार’ जरा लहान होऊन वर सरकलं होतं आणि खालच्या अर्ध्या भागात भाऊंचा हात जोडलेला फोटो होता, डाव्या-उजव्या बाजूला कार्यकर्त्यांची चौदा मुंडकी.

पेंटरांनी विचारलं, ‘भाऊंनी पैशे दिले का?’

‘नाही,’ फ्लेक्सवाला म्हणाला. ‘खाली मोकळं दिसत होतं, म्हणून टाकले.’